स्टॅफर्डशायरचें दगडी चिनी भांडें

इंग्लंडांतील जुन्या वस्तूंच्या दुकानांतून ‘आयर्नस्टोन चायना’ या नांवाचीं जाड, जड व टणक भांडीं मांडलेलीं असतात. त्यांच्याविषयीं वाचकांस चार गोष्टी सांगाव्या असा आमचा विचार आहे. हें नांव मोठें फसवें आहे. या भांड्यांत लोखंड शोधूं गेल्यास सांपडत नाहीं, तीं दगड कोरून केलेलीं नाहींत, आणि चीन देशाचा तर त्यांस वाराही लागलेला नाहीं. शब्दाचे यौगिक व रूढ असे भेद विद्यार्थ्यांस समजावून देतांना आम्ही ‘कुशल’ हा शब्द घेत असूं. मूळ अर्थ दर्भ तोडून आणणारा. आज त्या शब्दांत दर्भाची एक काडीही उरलेली नाहीं. ‘आयर्नस्टोन’ हा शब्द त्याच जातीचा. फरक इतकाच कीं, ‘कुशल’ शब्दाचा अर्थ लोकव्यवहारांत हळूहळू पालटला, आणि हा शब्द एका चतुर व्यापाऱ्यानें मुद्दाम बनविला.

आमचे कनिष्ठ चिरंजीव स्टोक-ऑन-ट्रेंट या शहरीं वैद्यकी करितात. त्यामुळें गेल्या वर्षीं चैत्रापासून आषाढापर्यंत आम्हां उभयतांचा मुक्काम तेथें होता. लंडनहून आगगाडीनें सुमारें दीड तासाची वाट. परंतु लंडन पाहून परतणाऱ्या प्रवाशांपैकीं येथें उतरणारे विरळा. वरवर पाहतां उतरावें असें येथें कांहीं नाहींही. तांबड्या विटांच्या घरांच्या लांबच लांब ओळी, मधून मधून काचा फुटलेले ओसाड कारखाने, आणि बहुतेक दिवस वरून रिपरिप पाऊस. पण स्टेशनाबाहेर पाऊल टाकतांच समोर जोसाया वेजवुड याचा पुतळा आहे. त्याच्या हातांत तलवार नाहीं, राजदंड नाहीं; एक कलश आहे. कुंभाराचा पुतळा शहराच्या दाराशीं उभारणारें गांव आम्हीं प्रथमच पाहिलें, आणि तेथल्या तेथें त्या गांवाविषयीं आमच्या मनांत आदर उत्पन्न झाला.

खरें म्हणजे हें एक गांव नव्हे. टन्स्टॉल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन व लाँगटन हीं सहा गांवें १९१० सालीं एकत्र झालीं व १९२५ सालीं त्यांस नगराचा दर्जा मिळाला. या सर्व टापूस लोक आजही ‘द पॉटरीज’ म्हणतात. म्हणजे आपल्या भाषेंत कुंभारवाडाच. याच भागांत जन्मलेला कादंबरीकार आर्नल्ड बेनेट यानें आपल्या लेखनांत सहाचीं पांच गांवें करून टाकलीं व फेंटनला वगळलें. आमच्या विषयाच्या दृष्टीनें हा अन्यायच म्हटला पाहिजे. कारण आयर्नस्टोनचा जन्म नेमका फेंटनचा.

येथेंच कुंभार कां जमले, याचें कारण जमिनीखालीं होतें. दगडी कोळसा मुबलक होता व साधीं भांडीं करण्याजोगी माती होती. भट्टींत मातीपेक्षां कोळसा कितीतरी अधिक लागतो; म्हणून कोळसा मातीकडे नेण्यापेक्षां माती कोळशाकडे आणणें स्वस्त पडे. पुढें पांढऱ्या भांड्यांची मागणी वाढली तेव्हां कॉर्नवॉलमधून पांढरी माती आणि समुद्रकांठाहून चकमकीचे दगड आणावे लागले. तीं ओझीं खेंचरांच्या पाठीवर व खड्ड्यांच्या रस्त्यांवरून येत, आणि परत जातांना तयार मालाचे वाटेंत तुकडे होत. वेजवुडनें पुढाकार घेऊन ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणारा कालवा मंजूर करून घेतला व १७६६ सालीं त्याची पहिली कुदळ स्वतः मारली. १७७७ सालीं तो पुरा झाला. संथ पाण्यावरून जाणाऱ्या होडींत बशी फुटत नाहीं, हा विचार साधा खरा; पण एका शहराचें भाग्य त्यानें उघडलें. त्या कालव्याच्या कांठानें आम्ही रोज सकाळीं फिरावयास जात असूं. आतां तेथें मालाच्या होड्या नाहींत. हौशी लोकांच्या रंगीत होड्या आणि बदकें आहेत.

आतां मेसन घराण्याची हकीकत. माइल्स मेसन हा लंडनमध्यें चीनहून आलेल्या भांड्यांचा व्यापार करी. ईस्ट इंडिया कंपनीनें १७९१ सालीं चिनी भांडीं मोठ्या प्रमाणावर आणणें बंद केलें. दुकानांतील माल सरत चालला, आणि गिऱ्हाइकांकडे असलेल्या चिनी संचांतील फुटलेल्या बशीच्या जोडीला दुसरी बशी मिळेना. तेव्हां जें विकतां येत नाहीं तें आपणच कां करूं नये, असा विचार करून हा व्यापारी कुंभार झाला. त्याचा मुलगा चार्ल्स जेम्स मेसन यानें १८१३ सालीं चौदा वर्षांचा हक्क सरकारांतून मिळविला आणि आपल्या मालाला ‘पेटंट आयर्नस्टोन चायना’ असें नांव दिलें. हक्कपत्रांत लोहपाषाणाच्या मळीची पूड, चकमकीची पूड, कॉर्नवॉलचा दगड व माती, आणि किंचित् निळा रंग, अशी कृति दिली आहे. त्या मळीचें प्रत्यक्षांत कितपत काम होतें याविषयीं जाणत्यांनीं पूर्वींपासून शंका घेतली आहे. हा प्रकारही अगदीं नवा नव्हता. लेन एंडच्या टर्नर बंधूंनीं १८०० सालींच अशाच दगडी चिनी भांड्यांचा हक्क घेतला होता व धाकट्या जोसाया स्पोडनें तो पुढें विकत घेतला. म्हणजे वस्तु इतरांचीही होती. नांव मात्र एकट्या मेसनचें. लोखंड म्हटलें कीं मजबुती आली, दगड म्हटला कीं टिकाऊपणा आला, आणि चायना म्हटलें कीं श्रीमंती आली! हक्काची मुदत संपतांच इतर कारखानदारांनीं हेंच नांव उचललें, यावरून त्याची किंमत कळावी.

तथापि केवळ नांवावर कोणी पन्नास वर्षें माल घेत नाहीं. चांगल्या चिनी भांड्याआड दिवा धरला तर उजेड झिरपतो. आयर्नस्टोनमधून तो झिरपत नाहीं. परंतु बोटाच्या पेरानें टिचकी मारल्यास साध्या मातीच्या बशीसारखा भद्द आवाज न येतां घंटेसारखा नाद येतो. अंग घट्ट, धक्क्याला दाद न देणारें, आणि मुख्य म्हणजे मोठ्या आकारांतही भट्टींत न वांकणारें. या शेवटच्या गुणामुळें मेसनला एक वेडच लागलें म्हणाना. अष्टकोनी सुरया, सापाच्या आकाराचे कान असलेले पेले, वीस माणसांचे भोजनाचे संच हें तर त्यानें केलेंच. शिवाय माणसाच्या छातीइतके उंच कलश, बागेंत बसावयाचीं आसनें, दिवाणखान्यांतील शेकोटीभोंवतीच्या पुऱ्या चौकटी आणि पलंगाचे खांबसुद्धां त्यानें या मातीचे केले. लांकूड व संगमरवर यांचें काम मातीकडून करवून घेण्याची ही हिंमत आम्हांस कौतुकाची वाटते. मात्र सौंदर्याच्या दृष्टीनें सर्वच साधलें आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. गडद निळा, विटकरी तांबडा आणि वर सोन्याचें काम, अशी जपानी धर्तीची दाटी त्या चौकटींवर पाहिली म्हणजे शेकोटीची ऊब घेण्याऐवजीं तिच्यापासून दोन पावलें मागें सरावेंसें वाटतें. तेंच रंगकाम एखाद्या सुरईवर असलें तर डोळे निवतात. रेघा आधीं छापून घेत व त्यांत रंग भरण्याचें काम बायका व पोरें करीत. म्हणून इतकें भरगच्च काम मध्यम स्थितीच्या कुटुंबांस परवडे.

मेसनचा शेवट चांगला झाला नाहीं. तो आपला माल गांवोगांव लिलांवानें विकी, म्हणून इतर कारखानदार त्याच्यावर रुष्ट. १८४४ सालीं त्यानें ताटल्या घडविण्याचें यंत्र आणलें, तेव्हां कामगारही बिथरले. यंत्रानें आपली भाकरी जाणार या भीतीनें कुंभारांच्या संघानें त्याच वर्षीं वर्गणी गोळा करून अमेरिकेंत विस्कॉन्सिनकडे जमीन घेण्याची व कुंभारांस तेथें शेतकरी म्हणून वसविण्याची योजना काढली. चाकावर बसून जन्म काढलेलीं कांहीं कुटुंबें खरोखरच नांगर धरावयास समुद्रापार गेलीं! योजना थोड्याच वर्षांत बुडाली. मेसनचेंही १८४८ सालीं दिवाळें निघालें. साचे व नमुने दुसऱ्यांच्या हातीं गेले. त्यानें पुन्हा डोकें वर काढून १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत आपलीं भांडीं मांडलीं, पण १८५६ सालीं तो वारला. त्याचे साचे १८६२ सालापासून अ‍ॅशवर्थ बंधूंच्या कारखान्यांत राबूं लागले, आणि ‘मेसन’ हें नांव विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चाललें.

कुंभार अमेरिकेस गेले त्याच सुमारास त्यांचीं भांडींही तिकडे जाऊं लागलीं, आणि तीं मात्र तेथें रुजलीं. १८४० नंतर स्टॅफर्डशायरच्या कारखानदारांनीं रंग अजीबात काढून टाकून शुभ्र पांढरें आयर्नस्टोन करावयास घेतलें. नुसतें पांढरें भांडें फार उघडें दिसूं नये म्हणून साच्यांतच उठावाची नक्षी काढीत. टन्स्टॉलच्या एल्समोर व फॉर्स्टर यांनीं १८५९ सालीं नोंदविलेल्या नमुन्यावर गव्हाच्या लोंब्या आहेत व त्याचें नांव ‘सीरीझ’, म्हणजे रोमन लोकांची धान्यदेवता. आपली अन्नपूर्णाच म्हणा. शेतकऱ्याच्या पानांत गव्हाची लोंबी, ही कल्पना आम्हांस राजवाड्यांतल्या सोनेरी नक्षीपेक्षां अधिक रसिकतेची वाटते. अमेरिकन शेतकऱ्यांस तीं भांडीं इतकीं आवडलीं कीं, पुढें तेथील कुंभार आपल्याच मालावर इंग्रजी राजचिन्हासारखे छाप मारूं लागले.

घरांत नळ येण्यापूर्वीं निजण्याच्या खोलींत तोंड धुण्याचा संच असे: मोठें तसराळें, पाण्याची सुरई, साबणाचें पात्र, आणि पलंगाखालीं झांकणाचें व कानाचें एक भांडें, ज्याचा उपयोग वाचकांनींच ओळखावा. नळ आले आणि हे संच माळ्यावर गेले. आतां तेच दिवाणखान्यांत उतरले आहेत. सुरईंत फुलें, तसराळ्यांत फळें, सारवाढणीच्या वाडग्यांत हिरवळ. आमच्या चिरंजीवांच्या शेजारीं राहणाऱ्या एका वृद्ध बाईंनीं आम्हांस चहास बोलाविलें होतें. खिडकींत एका शुभ्र, कानाच्या भांड्यांत सुंदर वेल लावलेली. तें भांडें मूळचें कोणतें हें आम्ही आदल्याच दिवशीं पदार्थसंग्रहालयांत पाहिलें होतें. आम्ही गप्प राहिलों. परंतु घरीं येतांच सौभाग्यवतींनीं विचारलें, “त्या वेलीच्या भांड्यासारखें एक आपल्या तुळशीसाठीं न्यावें का?” तेव्हां सांगणें भाग पडलें. पुढें दोन दिवस त्यांनीं इंग्रजी घरांतील कोणत्याही पांढऱ्या भांड्याला हात लावला नाहीं.

लाँगटन येथें ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियम म्हणून जुना कारखाना जसाच्या तसा राखून ठेवला आहे. तेथें बाटलीच्या आकाराच्या प्रचंड भट्ट्या आहेत. एके काळीं या सहा गांवांत अशा सुमारें दोन हजार भट्ट्या होत्या. आज पन्नासही उरल्या नाहींत. बाहेर दिसते ती बाटली केवळ धुराडें होय. खरी भट्टी तिच्या पोटांत. भांडीं उघडीं न ठेवतां ‘सॅगर’ नांवाच्या जाड मातीच्या टोपल्यांत भरीत व त्या टोपल्या डोक्यावरून नेऊन एकावर एक रचीत. मग दार विटांनीं बंद करून भोंवतालच्या चुलींत कोळसा घालीत. एका भाजणीस दहा-पंधरा टन कोळसा व दोन-तीन दिवस लागत, आणि भट्टीवाला त्या अवधींत पाठ टेंकीत नसे. एकदां कच्चें भांडें भाजावयाचें, झिलईंत बुडवावयाचें, आणि पुन्हा भाजावयाचें. हें ऐकतांना आम्हांस मनुस्मृतीची आठवण झाली. मातीच्या पात्राची शुद्धि तें पुन्हा भाजल्यानें होते असें तेथें सांगितलें आहे. तरीही आमच्या मातोश्रींच्या सोंवळ्यांत चिनी कपबशीला प्रवेश नव्हता, आणि लोणच्याच्या बरणीला मात्र होता! बरणीही भट्टींत भाजलेली दगडी मातीच; पण आंबट, खारट, तिखट पोटांत घेऊन वर्षभर न बिघडणारें पात्र दुसरें नव्हतें, आणि गरजेपुढें शास्त्रानें थोडें डोळ्यांआड केलें असावें.

भट्टीच्या आंत उभे असतां तेथील वाटाड्यानें विजेचा दिवा मालवला. वरच्या भोकांतून आकाशाचा एक वाटोळा तुकडा तेवढा दिसत होता. तो गृहस्थ सत्तरीचा, घराणें कुंभारकामाचें. भट्टी पुरती निवण्याची वाट पाहाणें मालकांस परवडत नसे. म्हणून ओलीं फडकीं डोक्याला व हातांना गुंडाळून माणसें गरम भट्टींत शिरत व माल काढीत, असें त्यानें सांगितलें. त्याच्या आजोबांना छातीचा विकार झाला होता. चकमकीच्या पुडीची धूळ फुप्फुसांत बसे. तेथें त्या रोगास ‘कुंभाराचा रोग’ असेंच म्हणत. झिलईंत शिसें असे. भांडीं बुडविणाऱ्यांच्या मनगटांतील शक्ति जाई, बायकांचे गर्भ टिकत नसत. कच्च्या शिशाची झिलई बंद होण्यास १९४७ सालचे सरकारी नियम यावे लागले. १८४१ च्या सुमारास सरकारनें मुलांच्या कामाची चौकशी केली, तेव्हां लहान लहान पोरें ओल्या ताटल्यांचे साचे घेऊन तापलेल्या खोलींत दिवसभर धांवतांना आढळलीं. चाळीस वर्षें वर्गांत मुलें पाहिलेल्या आम्हांस तें ऐकून पुढें कांहीं विचारण्याचें सुचेना. दुकानांत मांडलेल्या पांढऱ्या ताटल्यांच्या चळतीकडे आम्ही त्यानंतर निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों हें खरें.

१९५६ सालीं धुराविरुद्ध कायदा झाला आणि कोळशाच्या भट्ट्या एकामागून एक विझल्या. वायूच्या व विजेच्या भट्ट्या आल्या. जुन्या पद्धतीची अखेरची भाजणी १९७८ सालीं, पुढील पिढीस माहिती राहावी म्हणून मुद्दाम केली गेली. हवा स्वच्छ झाली. कामही गेलें. रॉयल डोल्टनचा बर्स्लेममधील कारखाना २००५ सालीं बंद झाला, स्पोडचा स्टोकमधील २००८ सालीं. तोच वाटाडा म्हणाला कीं, आजोबांना त्या धुळीनें मारलें, आणि तरी कारखान्याचें दार बंद झालें त्या दिवशीं वडील रडले. या दोन वाक्यांचा मेळ कसा घालावयाचा तें त्यानें आम्हांस सांगितलें नाहीं.

सर्वच विझलें आहे असें मात्र नाहीं. बर्स्लेमजवळ कालव्याच्या कांठीं मिडलपोर्टचा कारखाना आहे. १८८८-८९ च्या सुमारास बांधलेला हा कारखाना पडावयास आला होता. २०११ सालीं एका विश्वस्त संस्थेनें तो घेऊन दुरुस्त केला. तेथें तांब्याच्या कोरलेल्या रुळावरून पातळ कागदावर नक्षी उठवितात, तो ओला कागद भांड्यावर चिकटवून ब्रशानें घासतात आणि मग पाण्यानें धुवून काढतात. कागद जातो, नक्षी राहते. हें काम करणाऱ्या बायांचे हात इतके सराईत कीं, सुरईच्या कानापाशीं फुलांचा जोड कोठें आला हें आम्हांस शोधूनही सांपडेना.

आमच्या सूनबाईंनीं उघड्या फळ्यांचें एक जुनें कपाट घेतलें होतें, त्यावर मांडावयास भांडीं पाहिजे होतीं. म्हणून एका शनिवारीं आम्ही बाजारांत गेलों. जुनें आयर्नस्टोन आतां तेथें अनेकदां स्वस्त मिळतें. आईबापांचें घर रिकामें करतांना मुलें तें विकून टाकतात. जड, धुण्याच्या यंत्रांत न मावणारें, जागा अडविणारें. आपल्याकडे तांब्यापितळेचीं भांडीं ज्या वाटेनें मोडींत गेलीं तीच ही वाट. फरक एवढाच कीं, मोडीचें पितळ वितळून पुन्हा उपयोगास येतें. भाजलेल्या मातीचें पुन्हा कांहीं होत नाहीं.

घेणारानें भांडें प्रथम उपडें करावें. ‘इंग्लंड’ हा शब्द असला तर तें बहुधा १८९१ नंतरचें; कारण अमेरिकेच्या जकातीच्या कायद्यामुळें देशाचें नांव घालणें भाग पडलें. ‘मेड इन इंग्लंड’ असलें तर आणखी अलीकडचें. चौकटीच्या एक्क्यासारखी खूण असली तर तो नमुना १८४२ ते १८८३ या काळांत नोंदलेला. मेसनचा छाप म्हणजे वर मुकुट व खालीं कापडाची झालर. पण तो पुढील मालकांनींही वापरला, म्हणून केवळ छापावर भुलूं नये. नंतर टिचकी मारावी. आवाज फुटका आला तर कोठें तरी बारीक चीर आहे. झिलईंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे असले तर तें भांडें शोभेस ठेवावें, जेवणास नको. त्या तड्यांत डाग मुरतात आणि जुन्या झिलईंत शिसें असूं शकतें. कल्हई गेलेल्या तांब्याच्या भांड्यांत ताक न ठेवणाऱ्या गृहिणींस हें अधिक सांगावयास नको. डाग काढण्यासाठीं कपड्यांचें ब्लीच घालूं नये, झिलई सुटते.

सूनबाईंनीं एक लांबट ताट निवडलें. निळें, कडेला पानांची वेल, आणि मधोमध भेगाळलेलें. मागून लोखंडी टांके घालून जोडलेलें. सरसासारखे आजचे पक्के लेप नव्हते तेव्हां तिकडे बारीक भोंकें पाडून तारेच्या टांक्यांनीं भांडीं सांधीत. दुकानदार म्हणाला, “यापेक्षां चांगलें दाखवितों.” सूनबाई आमच्याकडे वळून म्हणाल्या, “मामंजी, हें कोणी तरी टाकून न देतां सांधून घेतलें आहे. हेंच घेऊं या.” बारा पौंडांस सौदा झाला.

तें ताट आतां त्यांच्या भोजनगृहाच्या भिंतीवर आहे. जड असल्यानें चिरंजीवांनीं स्प्रिंगच्या तारेवर न टांगतां खालून लांकडाची पट्टी दिली व वरून दोन आंकडे लाविले. टांके व छाप भिंतीकडे गेले. म्हणून लावण्यापूर्वीं छापाची आकृति आम्हीं टिपणवहींत उतरून घेतली, आणि टांके मोजले. ते अकरा आहेत.